ठकूबाईचा मणी आणि महादेवाची बेलमाळ

सीना नदीच्या काठी कसबे मोरवड नावाचे एक गाव होते. गाव तसे लहान, पण पेठेचे. मंगळवारी बाजार भरे आणि आसपासची खेडी तिथे लोटत. पेठेच्या मागे सोनारआळी, सोनारआळीच्या खाली नदीचा घाट आणि घाटावर सिद्धनाथ महादेवाचे जुने दगडी देऊळ. या देवळाच्या आवारात, बेलाच्या झाडाखाली, एके वर्षी निवांत महाराज येऊन राहिले आणि मोरवडचे भाग्य उजळले.

महाराजांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी धापा टाकत गाऱ्हाणे घेऊन आला की महाराज त्याला आधी खाली बसवीत, गडव्यातले पाणी देत आणि म्हणत, "निवांत रे, निवांत. देव कुठं पळून चाललाय?" त्यावरून गावाने त्यांना हे नाव दिले. अर्धे दुखणे त्या पाण्यानेच उतरते, असे त्या वेळची म्हातारी माणसे सांगत. उरलेल्या अर्ध्यासाठी महाराज होतेच.

त्या गावात ठकूबाई नावाची एक झारेकरीण राहत होती. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानांतला केर, भट्टीची राख आणि आळीतली धूळ गोळा करून ती नदीवर धुणारे लोक. सोनार कानस चालवतो, कातरतो, घासतो. त्यातले बारीक कण उडून धुळीत पडतात. सोनाराच्या दृष्टीने तो केर, झारेकऱ्याच्या दृष्टीने ते पोट. नवरा पटकीच्या साथीत गेल्यापासून ठकूबाई एकटीच हे काम करी. पहाटे आळी झाडायची, पाटी डोक्यावर घेऊन घाटाखाली उतरायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहून लाकडी काठवट हलवत बसायचे. माती वाहून जाई, वाळू वाहून जाई आणि तळाशी काही राहिलेच तर डोळ्यांत तेल घालून ते वेचायचे.

आणि एका वर्षी तिचे डोळेच गेले. खुपऱ्या झाल्या, पापण्या चिकटू लागल्या, काठवटीतले सोने आणि वाळू सारखीच दिसू लागली. झारेकरणीचे डोळे गेले म्हणजे सगळेच गेले. ती चाचपडत महाराजांकडे आली. महाराजांनी तिला पाणी दिले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "रोज सकाळी पिंडीवरून उतरलेलं पाणी डोळ्यांना लाव, आणि जाताना देवाशी दोन शब्द बोलून जा. नुसतं मागू नकोस हं. काल काय गोड झालं, तेही सांगत जा."

ठकूबाईने तसे केले. आंधळे व्हायला लागलेल्या बाईला कालचे गोड शोधायला सुरुवातीला फार जड गेले. मग तिला सापडू लागले. शेजारणीने दिलेले कालवण, बऱ्याच दिवसांनी लागलेली झोप, देवळाच्या पायरीचा गारवा. असे करता करता पावसाळा सरला आणि एका सकाळी पिंडीवरच्या बेलाच्या पानाच्या शिरा तिला स्वच्छ दिसल्या. ती तिथेच बसली आणि पोटभर रडली. त्या दिवसापासून तिने नेम धरला. काठवटीत जे निघेल त्यातला एक कण देवाच्या वाटणीचा. तो ती एका शिंपल्यात टाकून ठेवी. किती वर्षे हे चालले, तिने कधी मोजले नाही. घरात पीठ नसले तरी शिंपल्याला तिचा हात लागला नाही. पुढे आळीतल्या एका भल्या कारागिराने ते सगळे कण मुशीत वितळवून तिला त्याचा एक मणी करून दिला. मणी कसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. रंग लालसर, मध्येच फिकट. पण ठकूबाई तो पदराच्या गाठीत बांधून अशी मिरवी की राणीने हार मिरवावा.

आता याच सोनारआळीत मुकुंदशेट उदावंत नावाचे मोठे सराफ होते. त्यांच्याबद्दल वाईट सांगावे असे काही नाही, हे आधीच सांगतो. उदावंतांच्या दुकानात कधी कोणाची फसवणूक झाली नाही. चार पिढ्यांची काळीभोर कसोटी त्यांच्या गादीवर असे. तिच्यावर सोने घासून उमटलेली रेघ पाहिली की त्यात किती हीण आहे, हे मुकुंदशेट डोळे मिचकावण्याच्या आत सांगत. लांबलांबचे लोक त्यांचा शब्द प्रमाण मानीत. खोट होती ती एवढीच, की दिवसभर दगडावर सोने घासून घासून त्यांना माणसेही तशीच घासून पाहायची सवय लागली होती. हा अस्सल, तो भेसळीचा, ती नुसता मुलामा, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याबद्दल सहज बोलून जात. ऐकणारे हसत, आणि ज्याच्याबद्दल बोलले तो मान खाली घालून जाई.

त्या साली गावाने ठरवले की सिद्धनाथाला सोन्याच्या बेलपानांची माळ करायची. महाशिवरात्रीला ती पिंडीवर चढायची. घडवायचे काम अर्थातच मुकुंदशेटांकडे आले, मजुरी न घेण्याचे त्यांनी स्वतःहून जाहीर केले, आणि एका सोमवारी देवळाच्या सभामंडपात गावकरी आपापले सोने घेऊन जमले. मुकुंदशेट कसोटी मांडून बसले. बाजूला खांबाला टेकून महाराज बसले होते.

महाराजांनी लहान मुलासारखे विचारले, "शेटजी, मला तर सगळं सोनं पिवळंच दिसतं. त्यात एवढ्या जाती कशा हो?"

मुकुंदशेट खुलले. "महाराज, खाणीतून निघतं ते सोनं एकच. जाती माणूस करतो. हे बघा, हे बोटातलं वेढणं. शंभर नंबरी. दाताखाली धरलं तर खूण उमटेल इतकं मऊ. याच्या बांगड्या करून घातल्या तर बाई भाकऱ्या थापता थापता त्यांचा आकार घालवील. म्हणून सोनार त्यात भर घालतो. तांबं घातलं की सोनं कडक होतं, पण रंग लालीवर जातो. ही पाटली बघा, तशी आहे. चांदी घातली की फिकट पडतं, या कानातल्या फुलासारखं."

"आणि ही ठुशी?"

"हिचे मणी पोकळ. वरून सोन्याचा पत्रा, आत लाख भरलेली. दिसायला भरघोस, वजनाला हलकी. वाईट नाही, गरिबाची हौस भागते. पण ही मला नको." त्यांनी ठुशी परत केली आणि पुढची साखळी उचलली. दगडावर एकदाच ओढली आणि मोठ्याने हसले. "ही तर तांब्याची! वरून सोन्याचं पाणी दिलंय. कोणी आणली ही?"

साखळी एका नव्या सुनेने माहेरून आणली होती. सगळा मंडप तिच्याकडे बघू लागला आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. महाराजांनी हात पुढे करून ती साखळी मागून घेतली, आपल्या गडव्याच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "माझ्या गडव्याला कधी कोणी दागिना दिला नव्हता. बाळ, तुझं देणं पावलं." पोर रडता रडता हसली. मुकुंदशेटांना मात्र त्यात काही कळले नाही.

ज्यांच्या सोन्यात भर होती, त्यांचे त्यांनी ठेवून घेतले. ते भट्टीत तापवून, हीण काढून शुद्ध करायचे होते. सगळ्यांच्या मागून ठकूबाई पुढे आली. पदराची गाठ सोडून तिने मणी कसोटीशेजारी ठेवला.

"शेट, माझं बी घ्या. लई थोडं हाय, पर समदं देवाच्या नावाचं हाय."

मुकुंदशेटांनी मणी चिमटीत धरला. दगडावर रेघ ओढली. रेघ लालसर, मातकट, कुठे फिकट. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ठके, हे सोनं कुठल्या जातीचं म्हणायचं? यात तांबं आहे, चांदी आहे, जस्त आहे, दहा दुकानांचं उष्टं आहे. आणि त्यात माझंही दुकान आलं. माझ्याच दुकानचा केर झाडून मलाच दान करतेस होय?"

लोक हसले. ठकूबाई म्हणाली, "केरच हाय, शेट. पर धुतलेला हाय. तुम्ही आटवून चांगला करा की."

"याची आटणी करायची तर मुशीलाच चिकटून बसेल. माझा कोळसा तेवढा वाया जायचा." त्यांनी मणी तिच्या हातावर टाकला. मग सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ऐका सगळे. देवाच्या अंगावर हीण चढणार नाही. या माळेत शंभर नंबरी सोन्याशिवाय रतीभर जरी काही गेलं, तर पणजोबांपासूनची ही कसोटी मी सीनेच्या डोहात टाकून देईन."

मंडपात वाहवा झाली. महाराज तेवढे हळूच म्हणाले, "शेटजी, शब्द जरा जपून द्यावा. आपला देव अंगाला राख फासून बसणारा आहे."

ठकूबाई बेलाच्या झाडामागे जाऊन उभी राहिली होती. तिला लोकांच्या हसण्याचे काही वाटले नव्हते, तिला त्याची सवय होती. तिला वाटले ते एवढेच, की देवानेच आपले दिलेले नको म्हटले. डोळे ज्याने दिले, त्याला त्या डोळ्यांनी वेचलेले चालत नाही. महाराज तिच्याजवळ आले. "ठकू, मणी परत गाठीत बांध. देवाला लागेल तेव्हा तो मागून घेईल."

"म्हाराज, शिवरात तर आली की."

"मग निवांत बस. त्यालाही ठाऊक आहे शिवरात्र कधी आहे ते."

मुकुंदशेटांनी काम सुरू केले. सोने भट्टीत घालून शुद्ध केले, पत्रा ओढला, त्यातून बेलाच्या पाकळ्या कातरल्या. एकेका पाकळीवर शिरा कोरल्या. खरोखर सुरेख काम होते. शुद्ध सोने हाताखाली लोण्यासारखे वळत होते आणि शेट मनात म्हणत होते, या माळेला कुठे भाकऱ्या थापायच्या आहेत, असू दे मऊ.

पण बेलाचे पान म्हणजे तीन पाकळ्या आणि एक देठ. त्या चार तुकड्यांना एकत्र सांधायचे, तर सोनार डाग देतो. हा डाग म्हणजे मुद्दाम हीण घातलेल्या सोन्याचा बारीकसा तुकडा. तो सांध्यावर ठेवून फुंकणीने जाळ दिला की तो आधी वितळतो, दोन्हींच्या मध्ये शिरतो आणि त्यांना धरून ठेवतो. मुकुंदशेटांनी आयुष्यात असे हजारो सांधे केले होते. पण हात रोज जे करतो, ते तोंडाला कुठे आठवते? भरल्या मंडपात शब्द देताना त्यांना डागाची आठवणच झाली नव्हती. आठवण झाली ती पहिले पान शेगडीसमोर धरले तेव्हा.

त्यांनी शंभर नंबरी सोन्यालाच शंभर नंबरी सोन्याचा डाग देऊन पाहिला. जाळ वाढवला, आणखी वाढवला. डागाचा तुकडा वितळला, त्याच क्षणी पाकळीही वितळली आणि सुंदर कोरलेल्या पानाचा एक गोळा होऊन बसला. दुसरे पान तसेच गेले. मग सोन्याच्या तारेने पाकळ्या देठाला बांधून पाहिल्या. मऊ सोने ते, तार सैल पडली आणि पाकळ्या गळून खाली आल्या. असे करता करता शिवरात्र उद्यावर आली. शेटच्या पुढ्यात पाकळ्यांचा ढीग होता आणि पान एकही नव्हते.

त्यांची पत्नी राधाबाई जेवायला बोलवायला आल्या आणि सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, घाला की थोडं तांबं. सांध्यात काय आहे ते कोण बघायला येतंय?"

"मी बघतोय ना," मुकुंदशेट म्हणाले. ताट तसेच ठेवून ते उठले आणि भर दुपारी देवळाकडे निघाले. गर्व होता, पण माणूस लबाड नव्हता. देवाने पुढे त्यांच्यावर कृपा केली ती यासाठीच, असे मला आपले वाटते.

महाराज बेलाखाली बसले होते. त्यांनी शेटना बसवले, पाणी दिले. शेट पाणी न पिताच बोलू लागले. "महाराज, शब्द मोडण्याचं प्रायश्चित्त सांगा. माळ होत नाही."

"आधी पाणी प्या. आणि मला अडाण्याला नीट सांगा. एरवी तुम्ही सांधा कसा करता?"

शेटनी सांगितले. महाराज लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "म्हणजे हीण असलेलं सोनं जाळाला आधी वितळतं?"

"हो, महाराज."

"आणि शंभर नंबरी?"

"ते शेवटपर्यंत ताठ राहतं. आणि वितळतं तेव्हा नुसतं वितळत नाही, आपला आकारच घालवून बसतं."

"मग एकमेकांना धरून ठेवायचं काम कोण करतं म्हणालात?"

"हीणच की," मुकुंदशेट बोलून गेले. चार पिढ्यांची विद्या, रोजचे काम, आणि आपण काय बोललो ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू आले. त्यांनी खाली पडलेले बेलाचे एक पान उचलून बोटांत फिरवले. मग म्हणाले, "महाराज, डाग मी दुकानात करू शकतो. शुद्ध सोन्यात तांबं घालायचं, झालं. पण देवासाठी आणलेलं सोनं मी माझ्या हातानं हिणकस करू? ते होत नाही माझ्याच्यानं."

"करू नका," महाराज म्हणाले. "देवासाठी आधीच मिसळून ठेवलेलं सोनं या गावात आहे. तुम्ही म्हणालात ना, त्यात दहा दुकानांचं आहे? म्हणजे सगळ्या गावाचं आहे. जिनं आणलं होतं ती खाली घाटावर आहे."

शेट उठले. घाटाच्या त्या पायऱ्या ते लहानपणापासून उतरत होते, पण त्या दिवशी त्यांना त्या फार वाटल्या. खाली ठकूबाई गुडघाभर पाण्यात काठवट हलवत होती. शेटना पाहून ती गडबडली. आपल्या हातून काही चुकले असे तिला वाटले.

"ठकूबाई," ते म्हणाले. तिला या नावाने त्यांनी कधी हाक मारली नव्हती. "तो मणी अजून आहे का?"

"हाय की. कुटं जातोय?"

"माळ अडली आहे. तुझ्या मण्यावाचून पान सांधत नाही. देशील का?"

तिने विचारले ते एवढेच, "देवानं मागितला का, शेट?"

मुकुंदशेटांना वाटले होते ती टोमणा मारील. तिच्या जागी आपण असतो तर मारला असता. ते म्हणाले, "हो. मला पाठवलंय."

ठकूबाईने गाठ सोडली. मणी काढला, आणि द्यायच्या आधी तो पुन्हा एकदा वाहत्या पाण्यात धुतला. "केराचा हाय म्हणून," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तो पुढे केला. शेटनी तो उपरण्यात घेतला. तळहातावर घ्यायचे त्यांना धैर्य झाले नाही.

दुकानात येऊन त्यांनी आधी मणी तोलला. काट्याच्या एका पारड्यात मणी, दुसऱ्यात एक गुंज. पारडी बरोबर झाली. एवढ्याशा सोन्यात डागाचे किती तुकडे निघणार, हे त्यांना तोंडपाठ होते. फार तर मूठभर पाने सांधतील. तोवर महाराज येऊन दुकानाच्या ओट्यावर बसले होते आणि पायरीशी ठकूबाई देवाचे नाव घेत बसली होती.

"महाराज, हे पुरायचं नाही."

"निवांत. आधी हातातलं पान करा."

शेटनी मणी ऐरणीवर ठोकून त्याचा नखाएवढा पत्रा केला. तिळाच्या टरफलासारखा एक कण कातरला, सांध्यावर सवागी, म्हणजे टाकणखार, लावून तो ठेवला आणि फुंकणी तोंडाला लावली. जाळ पाकळीवर टेकला न टेकला तोच ठकूबाईचे सोने वितळले आणि जमिनीत पाणी जिरावे तसे तिन्ही पाकळ्यांच्या मध्ये शिरले. पाकळी जागची हलली नाही. शेटनी पान उचलले, हलवले, देठाला धरून ओढून पाहिले. पान अखंड होते, झाडावरून आत्ताच खुडल्यासारखे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते धगीमुळे आले, असे त्यांनी स्वतःला सांगितले.

मग दुसरे पान, तिसरे पान. माळ पिंडीच्या माथ्यापासून खालच्या शाळुंकेवर रुळेल एवढी करायची होती. शेट मान खाली घालून कातरत होते, सांधत होते. मध्येच त्यांना वाटे, आता पत्रा संपला असेल. हात जाई तो कातरण्याजोगे थोडे असेच. काम करणाऱ्याला विचार करायला सवड नसते, आणि ते बरे असते. दिवेलागणीला राधाबाईंनी समई आणून ठेवली, तेव्हा शेवटचे पान देठाला धरून शेटच्या हातात होते आणि पुढ्यात एकही सुटी पाकळी राहिली नव्हती.

तेव्हा कुठे त्यांनी ऐरणीकडे पाहिले. पत्र्याचा तुकडा तिथे होता. त्यांनी तो मुशीत घालून वितळवला. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी झाला. तो पारड्यात ठेवला, दुसऱ्या पारड्यात तीच गुंज. काटा मध्यावर येऊन थांबला. सगळी माळ सांधून झाली होती आणि मणी गुंजभराचा गुंजभर होता!

आता मुकुंदशेटांनी कसोटी जवळ ओढली. त्यांना वाटले, देवाच्या स्पर्शाने हे सोने शंभर नंबरी झाले असणार. तुम्हालाही तसेच वाटले असेल. त्यांनी रेघ ओढली आणि समईजवळ नेऊन पाहिली. रेघ तशीच होती. लालसर, मातकट, कुठे फिकट. महादेवाने ठकूबाईचे सोने बदलले नव्हते. जसे होते तसेच घेतले होते आणि जसे होते तसेच पुरवले होते. तो मोठा सराफ दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन बसला. महाराजांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते देवळाकडे निघून गेले.

शिवरात्रीच्या सकाळी माळ पिंडीवर चढली. गाभाऱ्यातल्या समयांचा उजेड तिच्या पानापानावर खेळत होता. लोक मुकुंदशेटांच्या हाताची तारीफ करू लागले, तेव्हा त्यांनी सगळ्यांना थांबवले आणि झाले ते भर मंडपात सांगितले. काही लपवले नाही. शेवटी ते म्हणाले, "शंभर नंबरीशिवाय काही जाणार नाही असं मी बोललो होतो. या माळेच्या प्रत्येक पानात ठकूबाईचं सोनं आहे, म्हणून ती माळ आहे. माझा शब्द मोडला." आणि कसोटी घेऊन ते घाटाच्या टोकाला गेले. तिथे डोह इतका खोल की उन्हाळ्यातही त्याचा तळ कधी कोणी पाहिला नव्हता. लोक नको नको म्हणत होते. महाराज म्हणाले, "टाकू द्या. बोललेला शब्द आहे." पणजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेला तो काळा दगड पाण्यात गेला. मुकुंदशेट रिकाम्या हातांनी परत आले आणि, ते स्वतःच पुढे सांगत, त्या रात्री त्यांना कित्येक वर्षांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तेव्हा दुकानाच्या पायरीशी ठकूबाई उभी होती. ओल्या लुगड्याचा काठ पिळायचीही तिला सवड झाली नव्हती. महाराज ओट्यावर होते.

"शेट, तुमचा दगुड घावला," ती म्हणाली आणि काठवट खाली ठेवली. तळाशी वाळूत कसोटी होती. "डोहाकडं म्या गेलेच न्हाई. हितंच, रोजच्या जागी, उथळ पाण्यात धूत हुते. माती गेली, वाळू गेली, आन् ह्यो ऱ्हायला. तुमची वस्तू, तुमाला आणून दिली."

मुकुंदशेटांनी दगड उचलला. तो पुसायलाही ते विसरले.

"बाई," ते म्हणाले, "मी तुझं देवाला दिलेलं तुझ्या हातावर परत टाकलं. तू माझं देवानं घेतलेलं परत आणून देतेस?"

ठकूबाईला या प्रश्नाचे नवल वाटले. "मग काय करू, शेट? घावलेलं ज्याचं त्याला द्यायचं, हेच तर आमचं काम. देवानं मला डोळं दिलं, त्या डोळ्यांनी येचलेलं त्याला दिलं. त्यानं ते घेतलं. आता मला काय कमी हाय? काल रातच्याला म्या त्याला तेच सांगितलं, आजचं गोड लई मोठं हाय म्हणून."

महाराज ओट्यावरून म्हणाले, "मुकुंदा, नदीनं तुझा दगड तुला परत दिलाय. आता त्यावर सोनंच घासत जा."

एरवी शेटजी म्हणणारे महाराज आज मुकुंदा म्हणाले, आणि त्या हाकेने उरलेसुरले जे काही होते तेही वितळले. मुकुंदशेट पायरी उतरून खाली आले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, आणि मग वळून, सगळी आळी बघत असताना, ठकूबाईच्या चिखलाने भरलेल्या पायांवर ठेवले. ती मागे सरकू लागली, पण अरुंद आळीत मागे लगेच समोरच्या घराची भिंत होती.

तो मणी पुढे सिद्धनाथाच्या गाभाऱ्यातच राहिला. माळेचे एखादे पान सैल झाले की उदावंतांच्या घरचा माणूस त्यातलाच कण कातरून सांधा करतो आणि मणी पुन्हा तोलतो. गुंज कधी जड झाली नाही, असे मोरवडचे लोक सांगतात. शिवरात्रीला माळ चढवायच्या आधी गुरव सभामंडपात विचारतो, "झारेकऱ्यांचं कोणी आलंय का?" ते येईपर्यंत सगळे थांबतात, आणि उदावंतांच्या घरातला वडीलधारा माणूस माळेचे ताट डोक्यावर धरून, मान लववून दाराशी उभा असतो.